बैल जाण्यापूर्वी झोपा

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु या म्हणीतील ‘झोपा’ म्हणजे काय, हे किती जणांना सांगता येईल? वृत्तपत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली. एकदा वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा शहरातील मुलांनी आत्मविश्वासाने उत्तर दिले की, बैल गेल्यावर मालक निवांत झोपी गेला! सारा वर्ग हसला. शेवटच्या बाकावरील एक शेतकऱ्याचा मुलगा तेवढा हसला नाही. तो संकोचाने उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, झोपा म्हणजे गोठ्याचं दार. काटक्यांचं, कुडाचं असतं ते.” त्या दिवशी त्या मुलाने आम्हाला एक धडा दिला. शेतीविषयी आम्ही जे बोलतो त्यातील शब्दच जिथे आम्हाला उमगत नाहीत, तिथे त्या शब्दांमागील वस्तू आणि त्या वस्तूंवर अवलंबून असलेले संसार आम्हाला कसे उमगावेत?

आज त्या झोप्याविषयी, म्हणजेच शेतकऱ्याच्या गोठ्याविषयी, कणगीविषयी आणि विशेषेकरून त्याच्या कांदाचाळीविषयी आम्ही पहिल्या पानावर लिहीत आहो. मंत्रिमंडळातील खलबते सोडून बांबूच्या चाळीला ही जागा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, याच कांद्याने या देशातील सरकारे हलविली आहेत. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा विषय झाला. १९९८ मध्ये दिल्लीचे राज्य गमावण्यास जी कारणे घडली त्यांत कांदा अग्रभागी होता. ज्या वस्तूसाठी राजधानीची झोप उडते, ती वस्तू वर्षातील चार-सहा महिने कोठे आणि कशी राहते याची चौकशी करणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच होय.

प्रथम कांद्याची प्रकृती समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे रब्बीचा, ज्याला शेतकरी उन्हाळ कांदा म्हणतो तो, साधारणतः मार्च ते मे या काळात निघतो आणि देशाच्या एकूण उत्पादनातील मोठा वाटा याच हंगामाचा असतो. पावसाळ्यात शेतातून नवा कांदा जवळजवळ येत नाही. खरिपाचा कांदा बाजारात दिसू लागेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतची ताटे या उन्हाळ कांद्यावरच भागतात. तात्पर्य, नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या चाळी हीच देशाची कांद्याची कोठी आहे.

आणि कांदा हा गव्हासारखा निपचित पडून राहणारा जिन्नस नव्हे. काढल्यानंतरही तो जिवंत असतो. श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो, ओल सोडतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात त्याचे वजन घटते. जूनपासून हवा दमट झाली की ढिगाच्या पोटात बुरशी धरते आणि कुजणे सुरू होते. पावसाळा सरता सरता हवा गार होऊ लागते आणि नेमकी तेव्हाच कांद्याची विश्रांतीही संपत आलेली असते. मग त्याला कोंब फुटतात. घट, सड आणि कोंब असे हे तीन शत्रू एकामागून एक चालून येतात आणि त्या तिघांशी एकाच छपराखाली झुंज द्यावयाची असते. शीतगृहाशिवाय हे करावयाचे तर पंचवीस ते तीस अंश सेल्सियस उष्णता आणि सुमारे पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता हा कांद्याला मानवणारा मुक्काम आहे. निफाडच्या श्रावणात एवढी कोरडी हवा आणावी कोठून? येथेच शेतकऱ्याचे काम संपते आणि अभियंत्याचे सुरू होते.

ते काम अभियंत्यांनी केलेले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. उलट, ते पुष्कळ झाले आहे. नाफेडच्या पुढाकाराने १९७७ साली स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय फलोत्पादन संशोधन व विकास प्रतिष्ठान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, तसेच १९९४ मध्ये नाशिकला सुरू होऊन १९९८ मध्ये राजगुरुनगरला स्थिरावलेल्या कांदा-लसूण संशोधन संस्थेने चाळीच्या बांधणीचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून निघालेले नियम शाळकरी पोरालाही समजावेत इतके सोपे आहेत. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावी आणि तिच्या तळालाही फटी असाव्यात. ढिगातील गरम हवा हलकी होऊन वर निघून जाते व खालून गार हवा आपोआप आत ओढली जाते. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवावी. त्याहून रुंद ढिगाच्या मध्यापर्यंत बाजूचा वारा पोहोचत नाही. ढीगही चार-पाच फुटांहून उंच नसावा. नाहीतर वरच्या भाराने तळचा कांदा दबतो आणि दबलेला कांदा सर्वांत आधी सडतो. चाळ एकपाखी असेल तर दक्षिणोत्तर, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम बांधावी. छपरावर कौले असावीत; उघडा लोखंडी पत्रा उन्हाने तापून खालच्या कांद्याला भाजतो.

चाळीच्या दारापर्यंत येण्यापूर्वीचे नियमही तितकेच साधे आहेत. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. उपटलेला कांदा शेतातच असा पसरावा की, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत. मान इंच-दीड इंच ठेवून पात कापावी आणि मग सावलीत दहा-बारा दिवस कांदा वाळू द्यावा. एन-२-४-१ सारखे टिकाऊ वाण निवडावे. यांत कोठे परदेशी यंत्र नाही की कोट्यवधींचा कारखाना नाही. बांबू, कौले, वारा आणि सबुरी एवढेच याचे भांडवल! मात्र काढणीच्या दिवसांत अवकाळी पावसाने गाठले की हा सारा क्रम कोलमडतो. ओला कांदा घाईने चाळीत भरावा लागतो आणि सडीचे बीज त्याच दिवशी पेरले जाते. अलीकडच्या वर्षांत एप्रिलचे आभाळ जसे बेभरवशाचे झाले आहे, तशी काढणीनंतर कांदा वाळविण्यासाठी आडोशाची, साध्या शेडची गरज चाळीइतकीच निकडीची झाली आहे.

या बांधकामावर काय अवलंबून आहे ते पाहण्यासाठी तिसऱ्या इयत्तेचे गणित पुरेसे आहे. शेतकऱ्याने मे महिन्यात शंभर क्विंटल कांदा चाळीत घातला. चाळ वाईट असेल, तर चार-सहा महिन्यांनी त्यातील पस्तीस क्विंटल घट, सड आणि कोंब यांत जावा, यात नवल नाही. नाशिककडच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. उरला पासष्ट क्विंटल. म्हणजे मे महिन्यातील भावाच्या दीडपटीहून अधिक भाव मिळाला तर कोठे त्याची मुद्दल सुटते. मजुरी, वर्गवारी आणि कर्जाचे व्याज वेगळेच. हीच तूट वीस क्विंटलवर आणता आली, तर सव्वापट भावातच त्याची बरोबरी होते. दीडपट आणि सव्वापट यांतील हे अंतर बाजार समितीत ठरत नाही, दिल्लीत ठरत नाही. ते चाळीच्या तळाखालच्या दीड फूट पोकळीत ठरते. ज्याची चाळ चांगली तो थांबू शकतो. ज्याची वाईट तो आज विकतो आणि जो भाव मिळेल तो मुकाट्याने घेतो. शेतकऱ्याची सौदाशक्ती म्हणून जिचा व्यासपीठावरून घोष होतो, ती शक्ती या बांबूंवर उभी असते.

शेतमाल राखण्याचे शास्त्र महाराष्ट्राला नवे आहे असेही नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. जमिनीखाली खोदलेल्या, तोंड बंद केलेल्या या पेवांत हवा कोंडली जाई आणि किडीला श्वास घेणे अशक्य होई. हळद वर्षानुवर्षे टिके. ज्यांनी ती पेवे खोदली त्यांना प्राणवायूचे प्रमाण मोजता येत नव्हते. पण कोणत्या मातीत पेव धरते आणि कोणत्या मातीत पाझरते हे त्यांना बिनचूक कळत होते. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि त्यांतील कित्येक कायमची निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे बांधकामशास्त्र चार दिवसांत बुडाले! अशा अनुभवसिद्ध ज्ञानाचे वेळीच मोजमाप करणे, त्यातील सार नव्या साहित्यात उतरविणे आणि ते पुन्हा गावात नेणे हेच कृषी अभियांत्रिकीच्या संशोधनाचे खरे प्रयोजन होय. या कामासाठी लुधियानाला १९८९ मध्ये काढणीपश्चात अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था निघाली; आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. तेव्हा ज्ञानाचा तुटवडा आहे, असे कोणाला म्हणता येणार नाही.

मग अडते कोठे? याचे उत्तर शोधताना गोठ्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. गायींना दिवसभर दावणीला बांधून न ठेवता कुंपणाच्या आत मोकळे सोडावे, सावली व पाणी हाताशी द्यावे, हा मुक्तसंचार गोठ्याचा विचार आपल्या दूधउत्पादकांनी गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी आपखुशीने उचलला. संकरित गाईला उन्हाचा ताप सोसत नाही. छत उंच केले, वारा खेळता ठेवला, की ती चारा अधिक खाते व दूध राखते. गोठ्यातील सुधारणेचे फळ शेतकऱ्याला लवकरच डेअरीच्या मापात दिसते. शेजारीही ते पाहतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्याही गोठ्याचे छत वर जाते. चाळीचे तसे नाही. तिचा निकाल पाच महिन्यांनी लागतो आणि तोही बाजारभावाच्या गोंधळात मिसळून जातो. भाव चढला तर वाईट चाळीचा धनीही हसतो. भाव पडला तर उत्तम चाळीचा धनीही रडतो. चाळीने काय दिले आणि बाजाराने काय घेतले, हे वेगळे काढून दाखविणारे कोणी नसते. म्हणूनच चाळीच्या शास्त्राला प्रयोगशाळेच्या बाहेरही मोजणाऱ्या माणसाची गरज आहे, आणि नेमका तोच माणूस आमच्या योजनांत नाही.

सरकारचे अनुदान आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्या अनुदानाने हजारो चाळी उभ्या राहिल्या हेही खरे. परंतु ते अनुदान चाळीत किती टन कांदा मावतो त्यावर ठरते. किती टन टिकतो त्यावर नव्हे. लांबी-रुंदीची नोंद झाली, छायाचित्र निघाले, कागद पुढे गेला. ऑक्टोबरात त्या चाळीतून काय निघाले हा प्रश्न त्या कागदाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. विद्यार्थी शाळेत दाखल झाला एवढ्यावर त्याला उत्तीर्ण करणाऱ्या मास्तरला आपण काय म्हणू? शिवाय चाळ बांधतो तो गावचा सुतार किंवा लोखंडी सांगाडा जोडणारा वेल्डर. चार फुटांचा कप्पा सहा फूट का करू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि जागा कमी, माल जास्त, अशा अडचणीत सापडलेला शेतकरीच त्याला म्हणतो, “दादा, थोडी रुंद घे.” ते दोन फूट पुढे त्याला किती महागात पडतात हे श्रावणात ढीग फोडल्यावर कळते.

अशा वेळी शहरातील विद्वान एक झटपट तोडगा सुचवितात: शीतगृहे बांधा! कांदा शून्य ते दोन अंशांवर टिकतो, हे शास्त्र आहे. पण तेथून बाहेर काढून उबदार हवेत आणला की त्याला घाम फुटतो आणि कोंब लवकर येतात. शिवाय विजेचा खर्च हा स्वस्त मालाला झेपणारा नसतो. दुसरा तोडगा विकिरणाचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये ‘कृषक’ हे केंद्र उभे केले. काढणीनंतर योग्य वेळी विकिरणाची अल्प मात्रा दिली की कोंब फुटत नाही, ही त्याची करामत खरी. पण सड आणि घट यांना ते आवर घालू शकत नाही. विकिरण केलेला कांदाही अखेर चांगल्या कोठारातच ठेवावा लागतो. कांद्याच्या माहेरघरी उभे राहिलेले ते केंद्र २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यामुळे अधिक नावाजले, यातच पुष्कळ काही आले. या साधनांचा आम्ही उपहास करीत नाही. मोठे व्यापारी, सहकारी संघ आणि सरकारी साठा यांना त्यांचा उपयोग आहे व असावा. २०२२ साली केंद्र सरकारने कांद्याच्या साठवणुकीवर नव्या कल्पना मागविण्यासाठी देशव्यापी स्पर्धाही जाहीर केली होती. नव्या कल्पना हव्यातच. परंतु हाती असलेल्या जुन्या कल्पना दोन एकरांच्या शेतकऱ्यापर्यंत नीट पोहोचविणे हे त्याआधीचे काम आहे.

आता सर्वांत कटू भागाकडे वळू. शेतकऱ्याने उत्तम चाळ बांधली, कांदा जपला, भाद्रपदात ढीग फोडला आणि नेमक्या त्याच घटकेला दिल्लीहून फर्मान सुटले, तर? हे काल्पनिक नाही. २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी झाली व व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा निर्यातबंदी आणि ऑक्टोबरात पुन्हा साठामर्यादा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरात संपूर्ण बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपले. या तारखा चाळ उघडण्याच्या मोसमाशी ताडून पाहाव्यात. साठामर्यादा शेतकऱ्यावर नव्हती, व्यापाऱ्यावर होती, असा युक्तिवाद केला जातो. पण घेणाऱ्याचे हात बांधल्यावर देणाऱ्याने विकावे कोणाला? एका हाताने चाळीला अनुदान द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने चाळ राखण्याचे फळ हिरावून घ्यावयाचे, याला धोरण म्हणत नाहीत.

शहरातील ग्राहकाचे हित आम्ही विसरलेलो नाही; आमचे बहुतेक वाचक तेच आहेत. शंभर रुपये किलोचा कांदा २०१९ च्या डिसेंबरात त्यांनीच विकत घेतला. परंतु त्यांनी शांतपणे विचार करावा. चाळीत सडलेला कांदा शेतकऱ्यालाही मिळत नाही आणि ग्राहकालाही मिळत नाही. मे महिन्यातील मातीमोल भाव आणि नोव्हेंबरातील डोळ्यांत पाणी आणणारा भाव ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत, आणि त्या दुखण्याचे एक मोठे मूळ कुजक्या साठवणीत आहे. साठवण आणि साठेबाजी यांतील भेदही ध्यानी घेतला पाहिजे. टंचाई निर्माण करण्यासाठी माल दडवितो तो साठेबाज. विपुलतेच्या दिवसांतील माल टंचाईच्या दिवसांपर्यंत जपून आणतो तो समाजाचा कोठारी. त्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करून शहराचे भले होणार नाही.

आमचे मागणे फार नाही. पहिले, चाळीच्या अनुदानाचा काही भाग बांधणीच्या वेळी आणि उरलेला भाग शास्त्रोक्त मापे पाळली गेली आहेत हे पाहून द्यावा. दुसरे, कृषी विद्यापीठांनी प्रत्येक कांदाउत्पादक तालुक्यात शेतकऱ्यांच्याच काही चाळी निवडाव्यात. किती घातला, किती निघाला याची वजनासह नोंद दरवर्षी ठेवावी आणि ती बाजार समितीच्या फलकावर लावावी. डेअरीच्या मापासारखा निकाल डोळ्यांना दिसला की व्याख्यानांची गरज उरणार नाही. तिसरे, गावोगावच्या सुतारांना व वेल्डरांना चार दिवसांचे शिक्षण द्यावे. चाळीचे शास्त्र त्यांच्या हातात उतरल्याशिवाय ते खेड्यात उतरणार नाही. चौथे, कांदा वाळविण्याच्या शेडला चाळीइतकेच महत्त्व द्यावे. आणि पाचवे, निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करून पुढील चाळी रिकाम्या होईपर्यंत पाळावे. ग्राहकासाठी हस्तक्षेप करणे भागच पडले, तर तो सरकारने आपल्या राखीव साठ्यातून करावा, शेतकऱ्याच्या चाळीतून नव्हे.

उन्हाळा दरवर्षी येतो, चाळी दरवर्षी भरतात आणि भाद्रपदात नाकाला पदर लावून सडका कांदा निवडणाऱ्या बायका दरवर्षी तेच काम करीत बसतात. त्यांच्या पुढ्यात पडलेला तो सडका ढीग म्हणजे कोणाची तरी वर्षभराची मजुरी असते, कोणाची तरी शाळेची फी असते. शेवटच्या बाकावरील त्या मुलाला झोप्याचा अर्थ कळत होता, कारण त्याच्या घरी बैल होता. राज्यकर्त्यांच्या घरी बैल नसेल. पण झोपा बैल जाण्यापूर्वी लावावयाचा असतो, एवढे कळण्यासाठी बैलाची गरज नाही.